नकली दाताचा खरा आधार

दात पडला किंवा काढावा लागला की घरात दोन प्रश्न विचारले जातात. नवा दात दिसेल कसा, आणि खर्च किती येईल? वाशिम, कारंजा, मंगरुळपीर, रिसोड, कोणत्याही गावातल्या दातांच्या दवाखान्यात बाकावर घटकाभर बसा, हेच बोलणे कानावर येते. एक तिसरा प्रश्न आहे, तो मात्र क्वचितच कुणी विचारतो. हा दात उभा कशावर राहणार?

ज्याच्यावर तो उभा राहतो त्याला दंतवैद्यकात अ‍ॅबटमेंट म्हणतात. शब्द परका वाटला तरी वस्तू ओळखीची आहे. नदीवर पूल बांधताना दोन्ही काठांवर जे भक्कम आधार उभे करतात, त्यांनाही इंजिनिअर मंडळी अ‍ॅबटमेंटच म्हणतात. पैनगंगेच्या किंवा अडाण नदीच्या काठी राहणाऱ्यांना याहून अधिक सांगायला नको. पुरात पूल जातो तेव्हा कित्येकदा वरचा रस्ता शाबूत असतो. काठाची माती वाहून गेलेली असते आणि आधार आतून पोकळ झालेला असतो.

तोंडातही असेच घडते. नकली दात सिरॅमिकचा असो, धातूचा असो की प्लास्टिकचा, त्याला कीड लागत नाही. कीड लागते ती खालच्या खऱ्या दाताला. हलतो तो खरा दात, सुजते ती हिरडी, झिजते ते हाड. दोष मात्र वरच्या दाताला दिला जातो. "कॅप चांगली नव्हती," असे लोक म्हणतात. कॅप बहुतेक वेळा चांगलीच असते.

आधाराची ही गोष्ट फार जुनी आहे, आणि तिचे एक महत्त्वाचे पान अरबी भाषेत लिहिलेले आहे. स्पेनमधल्या कुर्तुबा शहराजवळ, मदीनतुज्जहरा येथे दहाव्या शतकात अबुल कासिम अल-जहरावी नावाचे शल्यवैद्य होऊन गेले. त्यांचा काळ साधारण इ.स. ९३६ ते १०१३ असा सांगितला जातो. 'अत्तसरीफ' हा त्यांचा तीस भागांचा ग्रंथ. त्यातला शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा. बाराव्या शतकात त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि पुढे कित्येक शतके युरोपातले शल्यवैद्य तो वाचत राहिले. या भागात दातांची हत्यारे चित्रांसह दिलेली आहेत. मार लागून हललेले दात कसे वाचवायचे, हेही त्यात आहे: सोन्याची बारीक तार घ्यायची, हलणारे दात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचे घट्ट दात ती तार गुंफून एकत्र बांधायचे. सोनेच का? तर चांदी थोड्या दिवसांत हिरवी पडते, सोने तसेच राहते, असे कारण त्यांनी दिले आहे. पडलेला दात परत त्याच जागी बांधता येतो किंवा गाईच्या हाडाचा दात कोरून बसवता येतो, हेही त्यांनी नोंदवले आहे.

साहित्य बदलले, पण हजार वर्षांपूर्वीची ती कल्पना आजही तीच आहे. अशक्ताचा भार सशक्ताने उचलायचा. आजचे ब्रिज याच तत्त्वावर उभे असतात. आणि सशक्त समजला गेलेला दात मुळात सशक्त नसेल तर काय होते, ते आम्ही आमच्याच नात्यात पाहिले आहे.

आमच्या एक खाला मंगरुळपीरला असतात. खालच्या जबड्यातली डावीकडची मोठी दाढ त्यांनी फार पूर्वी काढली होती. जागा आठ-दहा वर्षे तशीच मोकळी राहिली. मुलीचा निकाह ठरला तेव्हा फोटोत गाल आत गेलेला दिसतो म्हणून घरच्यांनी ब्रिज बसवायचे ठरवले. पुढची लहान दाढ आणि मागची मोठी दाढ घासून त्यांवर कॅप चढवायच्या आणि मध्ये नकली दाढ टांगायची, असा तो तीन दातांचा ब्रिज होता. दोन खेपांत काम झाले. एक्स-रे काढला गेला नाही. निकाहात खाला छान दिसल्या. चौथ्या वर्षी तोंडाला वास येऊ लागला, पाचव्या वर्षी ब्रिज डुलू लागला. काढून पाहिले तर लहान दाढ कॅपच्या आत पूर्ण किडलेली, आणि मागची दाढ मोकळ्या जागेकडे कललेली होती; तिच्याभोवतीचे हाड आधीच उतरलेले होते. दोन्ही दाढा काढाव्या लागल्या. एका दाताची जागा भरायला गेलो आणि तीन दातांची जागा रिकामी झाली. कुठल्या दवाखान्यात हे झाले ते लिहिण्यात अर्थ नाही. असे दवाखाने एका गावात नाहीत.

यात चुकले काय? ब्रिज ही पद्धत चुकीची नाही. चांगल्या आधारावर बसवलेला ब्रिज दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक चालतो, लाखो लोक त्यावर जेवतात. चुकले ते आधाराची तपासणी न करता भार टाकण्यात. कॅनडातील डॉक्टर आन्टे यांनी १९२६ मध्ये एक सोपा नियम मांडला, तो 'आन्टेचा नियम' म्हणून अजून शिकवला जातो. ज्या दातांवर ब्रिज बसवायचा, त्यांच्या मुळांचे हाडात रुतलेले एकूण क्षेत्रफळ हे गेलेल्या दातांच्या मुळांच्या क्षेत्रफळाएवढे तरी असावे. पुढच्या संशोधकांनी या नियमाला काही अपवाद दाखवले, तरी त्यातला व्यवहार खरा आहे. वरच्या मोठ्या दाढेला बहुधा तीन मुळे असतात, खालच्या दाढेला दोन. सुळ्याचे मूळ एकच, पण तोंडातले सर्वांत लांब. खालचे पटाशीचे दात मात्र सगळ्यांत नाजूक. म्हणून दोन दाढांच्या मध्ये एक दाढ टांगणे सोपे, आणि पटाशीच्या दातांवर मोठा भार टाकणे धोक्याचे. एका बाजूलाच आधार देऊन दुसरे टोक हवेत ठेवायचे, असाही ब्रिज असतो. दर्शनी दातासाठी तो कधीकधी चालून जातो. दाढेसाठी कुणी सुचवला तर दोनदा विचार करावा, कारण दाढेवरचा चावण्याचा जोर फार मोठा असतो.

हाडातला भाग डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी एक्स-रे लागतो. दाताच्या मुळाभोवती हाड किती उरले आहे, मुळाच्या टोकाशी काळी सावली आहे का, दात किती कललेला आहे, हे त्या लहानशा फिल्मवर कळते. ब्रिजच्या आधी आधाराच्या दोन्ही दातांचा एक्स-रे काढलाच पाहिजे, असे आम्ही ठामपणे म्हणतो. डॉक्टरांना संकोच न करता विचारावे, "एक्स-रेमध्ये या दोन दातांचे हाड कसे आहे?" चांगला डॉक्टर रागावणार नाही. उलट फिल्म उजेडात धरून दाखवील.

दुसरी गोष्ट घासण्याची. कॅप बसवण्यासाठी दात चारही बाजूंनी घासावा लागतो. वरचे कठीण आवरण एकदा गेले की पुन्हा येत नाही. हाड भरून येते तसे ते भरत नाही. ज्या दाताला आधीच मोठी चांदी भरली आहे किंवा रूट कॅनल झाले आहे, त्याला तसाही कॅपचा फायदाच होतो. पण विशी-बाविशीतल्या मुलीचा पुढचा एक दात अपघातात गेला आणि शेजारचे दोन्ही दात मोत्यासारखे आहेत, तर ते दोन घासण्याआधी थांबावे. अशा वेळी मागच्या बाजूने पातळ पंख चिकटवून बसवला जाणारा ब्रिज मिळतो, त्यात शेजारचे दात नाममात्र घासतात किंवा घासतच नाहीत. तो कधीतरी निघतो, पण पुन्हा चिकटवता येतो. लग्नाची घाई हे दोन निरोगी दात कायमचे घासून टाकण्याचे कारण होऊ शकत नाही.

आणि साफसफाई. मिसवाक ही सुन्नत आहे आणि तिचे फायदे डॉक्टरही मानतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये, जिथे दातकाडीचा रिवाज आहे तिथे तिच्या वापराला उत्तेजन द्यावे असे म्हटले होते. पण ब्रिजच्या मधल्या दाताखाली, हिरडीला टेकलेल्या भागात मिसवाक पोहोचत नाही, साधा ब्रशही पोहोचत नाही. तिथे ताठ टोकाचा जाड दोरा ओवून किंवा बाटली धुण्याच्या ब्रशसारखा इवलासा ब्रश घालून रोज रात्री सफाई करावी लागते. हे साहित्य मेडिकलच्या दुकानात मागवले तर मिळते. खालांना हे कुणी दाखवलेच नव्हते.

काढता-घालता येणाऱ्या अर्ध्या कवळीचेही असेच. तिच्या तारेचे आकडे ज्या दातांना अडकतात ते तिचे आधार. कवळी रात्री न काढता झोपणाऱ्यांच्या त्याच दातांच्या मानेशी कीड लागते. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवावी, आकड्याखालचा दात बोटाने चाचपून स्वच्छ करावा, एवढे पुरे.

पूर्ण कवळीची, म्हणजे बत्तीशीची गोष्ट जास्त दुःखाची आहे. वरची कवळी टाळूला चिकटून बसते, कारण तिला पसरायला जागा असते. खालच्या कवळीला फक्त घोड्याच्या नालेसारखी अरुंद पट्टी मिळते आणि मध्ये सतत हलणारी जीभ. दात काढल्यानंतर जबड्याचे हाड हळूहळू विरघळत जाते, खालचे अधिक. म्हणून दादी-नानीच्या खालच्या कवळीबद्दल घरोघरी तीच तक्रार असते. ईदच्या दिवशी सगळे गोश्तवर ताव मारत असताना दादी शीरखुर्म्यावर भागवते, आणि कवळी रुमालात गुंडाळलेली असते.

इथे एक गोष्ट फार कमी घरांना माहीत आहे, म्हणून आम्ही ती जरा सविस्तर सांगतो. "आता राहिलेले दोन-चार दातही काढून टाका आणि नवी कवळी बसवा," हा सल्ला नेहमी बरोबर असतोच असे नाही. खालचे दोन सुळे थोडेफार घट्ट असतील तर त्यांचे रूट कॅनल करून, त्यांना हिरडीच्या जरा वर इतके आखूड करून, त्यांच्या मुळांवर कवळी बसवता येते. वरून पाहिले तर सगळी कवळीच दिसते, आत मात्र दोन जिवंत हाडातली मुळे तिला धरून असतात. १९७८ मध्ये अमेरिकेत क्रम आणि रूनी या दोन संशोधकांनी पाच वर्षांच्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातले हाड, सुळ्यांची मुळे राखलेल्या लोकांत सरासरी ०.६ मिलिमीटर झिजले. सगळे दात काढलेल्यांत ते ५.२ मिलिमीटर झिजले. अर्धा सेंटिमीटर हाड म्हणजे कवळी धरून ठेवण्याची आणि न धरण्याची तफावत. वडीलधाऱ्यांचे शेवटचे दात काढण्याआधी "मुळे ठेवता येतील का?" एवढे विचारायला पैसे पडत नाहीत.

मुळेही उरली नसतील तर इम्प्लांट. यात जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा लहानसा स्क्रू बसवतात. त्याचा शोध निम्मा योगायोगाचा आहे. स्वीडनचे डॉक्टर ब्रानेमार्क १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक नळी बसवून हाडातला रक्तपुरवठा पाहत होते. काम झाल्यावर नळी काढायला गेले तर ती निघेना. हाड धातूला घट्ट धरून बसले होते. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा एका माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. तो गृहस्थ २००६ मध्ये वारला तोवर, म्हणजे चाळीस वर्षे, ते त्याच्या उपयोगी पडले.

इम्प्लांट म्हणजे दात, असा सर्वसाधारण समज आहे. तसे नाही. स्क्रू हे फक्त मूळ. त्यावर, हिरडीतून वर येणारा एक मधला तुकडा बसतो. तोच इम्प्लांटचा अ‍ॅबटमेंट, टायटॅनियमचा किंवा पांढऱ्या झिरकोनियाचा. त्याच्यावर कॅप चढते. स्क्रू, अ‍ॅबटमेंट आणि कॅप या तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि बिलात त्या वेगळ्या असू शकतात. जाहिरातीतला स्वस्त आकडा पुष्कळदा फक्त पहिल्या वस्तूचा असतो. पैसे देण्याआधी तिन्हींचा मिळून आकडा कागदावर लिहून घ्यावा, हाड भरावे लागले तर त्याचा वेगळा.

स्क्रू बसल्यावर हाडाने त्याला धरायला साधारण तीन ते सहा महिने जातात. काही निवडक रुग्णांत त्याच दिवशी तात्पुरता दात बसवतात हे खरे, पण ते हाड पाहून ठरते. "एका दिवसात पक्के दात" या पाटीवरून नाही. पुढे कधी कॅप किंचित हलल्यासारखी वाटली तर घाबरून जाऊ नये आणि दुर्लक्षही करू नये. बहुधा अ‍ॅबटमेंटचा आतला बारीक स्क्रू सैल झालेला असतो आणि तो विशिष्ट पान्याने पुन्हा आवळता येतो. तसेच महिनोन्‌महिने चावत राहिले तर तो आत तुटतो, आणि मग पाच मिनिटांचे काम शस्त्रक्रियेवर जाते.

आमच्या समाजात एक अडचण खास आहे. घरातला कमावता माणूस दुबई, सौदी किंवा मुंबई-पुण्याला असतो. इम्प्लांट तिकडे बसवतो, सुट्टीत गावी येतो आणि इथे अ‍ॅबटमेंट सैल होतो. इथला डॉक्टर विचारतो, "कोणत्या कंपनीचा आहे?" उत्तर नसते. एका कंपनीचा अ‍ॅबटमेंट दुसरीच्या इम्प्लांटवर सहसा बसत नाही, पानाही वेगळा असतो. इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, माप आणि क्रमांकाची चिकटपट्टी असते. ती चिकटवलेले कार्ड डॉक्टरांकडून मागून घ्यावे आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवावा. आधार कार्डाइतकेच ते जपून ठेवावे, आधाराचेच कार्ड आहे ते!

इम्प्लांट सगळ्यांसाठी नाही. साखर आटोक्यात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट आधी पाहावा लागतो. साखर नियंत्रणात असलेल्यांना सहसा अडचण येत नाही. जबड्याला रेडिएशन झालेले असेल, हाडे बळकट करण्याची इंजेक्शने चालू असतील, तर ते आपणहून सांगावे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण जास्त असते. आणि खर्रा. आपल्या विदर्भात खर्ऱ्याबद्दल लिहायला गेले तर अंक पुरणार नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी-तंबाखू-चुना घोटून दिला जाणारा खर्रा पानटपरीवर सर्रास मिळतो. सुपारीने गालाची आतली कातडी दोरीसारखी ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. तीन बोटे उभी आत जायला हवीत, तिथे एक जाते. अशा तोंडात ब्रिजचे माप घ्यायचा साचाच जात नाही, मग दात बसवायचा कसा? तिशीतले तरुण या अवस्थेत येतात. कर्करोगाची भीती तर आहेच. घरातल्या बायका तोंडात मशेरी धरून बसतात, तीही तंबाखूच आहे.

आता दीनी बाजूचे जे प्रश्न घरांत निघतात, त्यांच्याकडे वळू. पहिला सोन्याचा. हजरत अरफजा रजि. यांचे नाक एका लढाईत कापले गेले होते. चांदीचे नाक बसवले तर त्याला दुर्गंधी सुटली, तेव्हा प्रेषित सल्ल. यांनी त्यांना सोन्याचे नाक लावायला सांगितले. ही हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजीमध्ये आहे. तिच्या आधारे अनेक उलेमांनी गरजेपोटी दात सोन्याने बांधणे पुरुषांनाही जायज मानले. हनफी इमामांत मात्र यावर मतभेद होता. इमाम अबू हनीफा रह. यांनी चांदीला पसंती दिली, तर इमाम मुहम्मद रह. यांनी सोन्याची परवानगी दिली. आज टायटॅनियम, झिरकोनिया आणि इतर धातू असताना सोन्याची गरजच क्वचित पडते. निव्वळ चमक दाखवायला पुढच्या दाताला सोने लावण्याची हौस ही गरजेत मोडत नाही.

दुसरा प्रश्न गुस्लचा. हनफी फिकहनुसार फर्ज गुस्लमध्ये सगळ्या तोंडात पाणी पोहोचणे आवश्यक आहे. पक्का बसवलेला ब्रिज, कॅप किंवा इम्प्लांट काढता येत नाही, म्हणून आलिम त्याला अंगाचाच भाग धरतात. त्याच्याखाली पाणी जाण्याची अट राहत नाही. काढता येणारी कवळी मात्र काढून गुळणी करावी, असे सांगतात. शंका असेल तर आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

तिसरा प्रश्न कुणी विचारतच नाही, आणि आम्हाला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इम्प्लांटसाठी हाड कमी पडले तर हाडाची भुकटी भरतात आणि त्यावर पातळ पडदा झाकतात. ही भुकटी गाईबैलांच्या हाडापासून, डुकराच्या हाडापासून, मानवी हाडापासून किंवा कारखान्यात कृत्रिमरीत्या बनवलेली असते. झाकायचे पडदे तर बऱ्याचदा डुकराच्या कातडीतल्या प्रथिनापासून केलेले असतात. डॉक्टर मुद्दाम लपवत नाहीत, त्यांना विचारलेले नसते. कृत्रिम पर्याय उपलब्ध असतो, कधी रुग्णाच्याच जबड्यातले थोडे हाड घेता येते. शस्त्रक्रियेच्या दिवशी नव्हे, तारीख घेतानाच हे बोलून घ्यावे. आणि तारीख शक्यतो रमजानच्या बाहेरची घ्यावी. औषधे, वारंवार पाणी आणि तोंडातले रक्त यांचा मेळ रोजाशी बसत नाही.

राहिला प्रश्न, जायचे कुठे? वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, २०२४ मध्ये इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. पण ते दंत महाविद्यालय नाही. जिल्हा रुग्णालयात दात काढणे, भरणे यांसारख्या साध्या कामांपासून सुरुवात करता येते. कवळी आणि ब्रिजच्या गुंतागुंतीच्या कामासाठी सरकारी दंत महाविद्यालय नागपूरला आहे आणि छत्रपती संभाजीनगरलाही. दोन्ही शहरे समृद्धी महामार्गावर आहेत आणि हा रस्ता आपल्याच जिल्ह्यातून, कारंजा आणि शेलूबाजारजवळून जातो. खासगी दंत महाविद्यालये अमरावतीत आणि वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथे आहेत. कॉलेजात कमी खर्चात काम होते, कारण शिकणारे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली ते करतात. खेपा मात्र जास्त पडतात. एका ब्रिजला चार-पाच फेऱ्या होऊ शकतात आणि मजुरी बुडवून जाणाऱ्याला हा हिशेब करावा लागतो. विभागाचे नाव प्रोस्थोडॉन्टिक्स. केसपेपर काढताना तेच नाव सांगावे, नाहीतर अर्धा दिवस रांगांतच जातो.

दूर जाणे परवडत नाही म्हणून आठवडी बाजारात चादर पसरून बसलेल्याकडे दात बसवणारे लोक आजही आहेत. तो काय करतो ते पाहा. पावडर आणि पाणी कालवून प्लास्टिकचा दात तयार करतो आणि तो तिथल्या तिथे शेजारच्या दातांना चिकटवून टाकतो, कधी तार गुंडाळतो. ना माप, ना एक्स-रे, ना निर्जंतुक हत्यार. शंभर-दोनशे रुपयांत दात दिसायला लागतो. खाली अन्न कुजते, हिरडी सुजते, आणि चिकटवलेले दोन्ही दात काही वर्षांत हलू लागतात. गरिबाने स्वस्त शोधला म्हणून आम्ही त्याला बोल लावणार नाही. पण त्या पैशात दात न बसवता जागा मोकळी ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे, हे त्याला कुणीतरी सांगायला हवे.

कारण प्रत्येक गेलेला दात भरलाच पाहिजे असे नाही. बत्तीसपैकी वीस चांगले दात एकमेकांना भिडत असतील तर माणसाचे जेवण नीट चालते, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही मानले आहे. अगदी मागची दाढ गेली, पुढे सगळे शाबूत आहे आणि चावायला त्रास नाही, तर डॉक्टर स्वतःच "राहू द्या" म्हणतात. तसे म्हणणाऱ्या डॉक्टरवर आमचा जास्त भरवसा बसतो.

खालांनी पुढे काय केले, असे कुणी विचारील. त्या नागपूरला गेल्या. तीन दातांच्या जागेसाठी दोन इम्प्लांट सुचवले गेले. पैसे जमेनात, म्हणून त्यांनी तूर्त काढता येणारी कवळी घेतली. तिचे आकडे ज्या सुळ्याला अडकतात तो सुळा त्या रोज रात्री इशाच्या नमाजनंतर बोटाने घासतात आणि दर सहा महिन्यांनी वाशिमला जाऊन दाखवून येतात. कार्ड त्यांच्याकडे नाही, पण एक्स-रे पिवळ्या पाकिटात घालून कपाटात ठेवलेला असतो, बँकेच्या पासबुकाच्या खाली.